चौथा कोपरा

तुम्हाला माहीत होतं, सर. आम्ही कोणी सांगायच्या आधीपासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही त्या पोरीला सगळ्यांसमोर कुचकामी ठरवत राहिलात.

तुमची साठी झाली म्हणून गौरवग्रंथ निघतोय. संपादक मंडळातल्या एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, सरांची एखादी हृद्य आठवण द्या, दोन पानांत बसेल अशी. माझ्याकडे एकच आहे. ती दोन पानांत बसत नाही, आणि हृद्य तर अजिबात नाही. तरी लिहितोय, कारण मागितलीय तुमच्याच माणसांनी.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा असायची. सेंट्रीफ्यूजला हळदकुंकू, फ्रीजरच्या कडीला झेंडूची माळ, माझ्या सर्व्हरच्या काळ्या कपाटापुढे उदबत्ती. राख पंख्यात जाते म्हणून मी दरवर्षी कुरकुर करायचो, आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, सुतार नास्तिक झालाय, त्याचा पेढा इकडे द्या. त्या वर्षी नवीन इन्क्युबेटर आला होता, ठरावीक उबेत यीस्ट वाढवायचं उंच कपाट. शेवंतीनं लवकर येऊन त्याच्यापुढे रांगोळी काढली होती. आरतीच्या आधी तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि कपाटाच्या दाराला लावायला हात पुढे केला.

"शेवंती, तू राहू दे," तुम्ही म्हणालात. "नवीन मशीन आहे. त्याला तरी तुझा हात नको लागायला."

सगळे हसले. तिचा हात तसाच हवेत राहिला. हसण्यानं तुम्हाला चेव चढला.

"खरं तर यीस्ट हिच्या घरचंच. यांच्याकडे दारोदार मोहाची भट्टी. मग हिच्यावरच का रुसतं कळत नाही."

पुन्हा हसले. शेवंतीनं बोट पांढऱ्या एप्रनला पुसलं. लाल डाग पडला.

"रुसत नाही सर," ती म्हणाली. "कोपऱ्यातलं उगवतंय."

"कोपऱ्यातलं कोणालाही उगवतं," तुम्ही म्हणालात, आणि तिच्या शेजारी उभ्या कौस्तुभच्या हातात कुंकवाचा करंडा दिलात. नारळ तुम्हीच फोडलात. पाणी माझ्या चपलेवर उडालं.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल आम्ही दारू गाळत होतो.

माणसाच्या पेशीत हजारो तऱ्हेची प्रोटीन असतात. त्यातलं कुठलं कुठल्याला जाऊन चिकटतं, यावर पेशीचा सगळा कारभार चालतो. रोग म्हणजे बऱ्याचदा नको तिथं चिकटणं किंवा हवं तिथं न चिकटणं. आता हजारोंच्या जोड्या एकेक करून तपासायच्या तर जन्म पुरणार नाही. म्हणून संगणकाला शिकवायचं, की बाबा, या या जोड्या चिकटतात, या या चिकटत नाहीत, आता न पाहिलेल्या जोडीबद्दल तू अंदाज सांग. तसं मॉडेल तुम्ही बनवलं होतं. शंभरातल्या शहाण्णव जोड्या बरोबर ओळखतं, अशी त्याची ख्याती. त्याच्या जोरावर तुम्ही परदेशात भाषणं केलीत, लॅबला निधी आणलात. मी आलो तेव्हा ते तयार होतं. माझं काम ते चालवायचं आणि त्यानं छातीठोकपणे 'हो' म्हटलेल्या जोड्या काढून द्यायच्या.

त्या जोड्या खरंच चिकटतात का, हे प्रयोगानं पाहायचं काम शेवंतीचं. तिची पीएचडीच ती. दोन प्रोटीन यीस्टच्या पेशीत घालायची आणि ती पेशी अशा खुराकावर ठेवायची, की दोघं एकमेकांना भेटले तरच ती जगेल. भेटले, तर प्लेटवर पांढरे ठिपके उगवतात. नाही भेटले, तर प्लेट कोरी. इतकं सरळ.

प्लेट गोल असते, तळहाताएवढी. तिच्या तळाला मार्करनं फुली मारून शेवंती चार भाग करायची. गोल असली तरी आम्ही त्यांना कोपरेच म्हणायचो. तीन कोपऱ्यांत मॉडेलनं सांगितलेल्या नव्या जोड्या. चौथ्यात एक जुनी, जगभर सिद्ध झालेली जोडी, केवळ ताळा म्हणून. चौथा कोपरा उगवला नाही तर प्लेट फेकून द्यायची, कारण मग प्रयोगच बिघडलाय.

शेवंतीचा चौथा कोपरा दरवेळी उगवायचा. दाट, लोण्यासारखा. बाकीचे तीन कोरे. आठवड्यामागून आठवडे, प्लेटमागून प्लेट. तिनं खुराक बदलून पाहिला, ऊब कमीजास्त केली, प्रोटीन पेशीत नीट तयार होतंय का ते वेगळं तपासलं. होत होतं. फक्त दोघं भेटत नव्हते.

आणि तुम्ही मीटिंगमध्ये म्हणायचात, शेवंतीला हात नाही.

प्रयोग करणाऱ्याला हात असतो किंवा नसतो, असं आपल्या धंद्यात मानतात. सांगणारे मोठमोठे डॉक्टरेटवाले असतात. एखाद्याला हात नाही म्हणून ठरलं की त्याच्या नापास प्रयोगाला दुसरं कारण शोधावं लागत नाही. शेवंतीचं ते पहिल्या वर्षातच ठरलं. कोणी ठरवलं ते आम्हाला आठवायचं नाही. हळूहळू पोरं तिला पिपेट उसनं देईनाशी झाली. वजनाचा काटा तिच्यानंतर वापरायचा असेल तर पुसून घ्यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, सर, तुमच्या लॅबमध्ये, जिथं भिंतीवर विज्ञानदिनाची शपथ लावलेली होती.

शेवंती वळवी नवापूर तालुक्यातली. बाप वनखात्यात रोजंदारीवर, पोरगी आश्रमशाळेत वाढली. तिच्या मुख्याध्यापकांना एवढी घाई, की तिला पीएचडीला प्रवेश मिळाल्याबरोबर त्यांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून घेतलं, 'आमची माजी विद्यार्थिनी डॉ. शेवंती वळवी'. ती त्यांना म्हणाली, सर, अजून पाच वर्षं आहेत. ते म्हणाले, रंगारी आज आलाय. हे सांगताना ती पोट धरून हसायची, आणि मग म्हणायची, "आता नापास झाले तर भिंत कोण खरवडणार रे सुतार?"

दिवाळीनंतर तिचा तीन वर्षांचा आढावा होता. समितीनं नाही म्हटलं तर नोंदणी रद्द, शिष्यवृत्ती बंद, घरी. खंडेनवमीला तुम्ही तिला हात लावू दिला नाहीत, तेव्हा हे तिच्या डोक्यावर होतं. तुम्हालाही माहीत होतं.

जेवायला ती माझ्याकडे यायची. सर्व्हरच्या खोलीत एसी होता, आणि तिच्या टेबलाजवळ यीस्टचा वास. आंबलेल्या पिठासारखा, कपड्यांत मुरणारा. खोलीत खायला बंदी होती. आम्ही दार लावून खायचो. तिच्या डब्यात नागलीची भाकरी आणि उडदाचं घट्ट वरण, माझ्याकडे मेसची चामट पोळी. साहजिकच मी तिच्या डब्यावर जगायचो.

दसऱ्यानंतर असंच जेवत होतो. माझ्या पडद्यावर तिच्यासाठी नवीन जोड्यांची यादी चालली होती. एकेक नाव, पुढं आकडा. सगळे एकाच्या जवळ, म्हणजे शंभर टक्के खात्रीच्या आसपास.

"तुझं यंत्र कधीच का-कू करत नाही का रे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही. याचं एकतर 'हो' किंवा 'नाही'. मधलं फार थोडं.

"आमच्या आजाची एक रीत होती," ती भाकरी मोडत म्हणाली. "गावात नवा भगत आला, की आजा पहिल्यांदा खोटं दुखणं सांगायचा. धडधाकट माणूस, पण म्हणायचा गुडघ्यात कळ येते. भगतानं दाणे टाकून पाहिले, आणि म्हटलं काही नाही बाबा तुला, तर त्याला ठेवून घ्यायचे. खोट्या दुखण्याला पण त्यानं भूत सांगितलं, तर चहा पाजून वाटेला लावायचे." तिनं माझ्या पडद्याकडे बोट केलं. "याला कोणी खोटं दुखणं सांगितलंय का?"

मी हसलो. मग घास तसाच ठेवला, कारण कोणी सांगितलं नव्हतं.

प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. वीस तऱ्हेचे मणी, आणि त्यांचा क्रम हेच त्याचं सगळं. क्रम मोडला तर ते प्रोटीन राहत नाही, नुसती मण्यांची रास. मी तिच्या यादीतली एक जोडी घेतली. त्यातल्या एकाचे मणी संगणकात पत्त्यांसारखे पिसले. जगातल्या कुठल्याच जिवात नाही असली माळ तयार झाली. ती मॉडेलपुढे टाकली.

'हो' आलं. जवळजवळ पूर्ण खात्रीनं.

"परत पिस," शेवंती म्हणाली.

परत पिसले. 'हो'. दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. दोन्हीकडचे मणी पिसले. 'हो', 'हो', 'हो'. तिचं चावणं थांबलं होतं.

"आता खरं दुखणं सांग त्याला."

नुकतीच कुणीतरी प्रयोगानं सिद्ध केलेली, मॉडेलनं न पाहिलेली एक जोडी मला माहीत होती. त्यातलं एक प्रोटीन पेशीच्या मधोमध, केंद्रकात राहणारं. दुसरं पार बाहेरच्या आवरणाजवळ. पण गरज पडली की दोघं भेटतात, हे पक्कं ठरलेलं. ती जोडी टाकली.

'नाही'. तितक्याच खात्रीनं.

मग मी तुमचं मॉडेल शिकवायला वापरलेल्या जोड्या उघडल्या. 'हो'च्या जोड्या ठीक होत्या, लोकांनी केलेल्या प्रयोगांमधून घेतलेल्या. पण 'नाही'च्या जोड्या कुठून आणायच्या? चिकटलं नाही, असं कोणी छापत नाही. म्हणून त्या घरी बनवल्या होत्या, आणि बनवायची युक्ती सोपी. एक प्रोटीन केंद्रकातलं घ्यायचं, दुसरं लांब आवरणावरचं. राहतात वेगळीकडे, म्हणजे भेटत नसणार. लिहून टाकायचं 'नाही'. अशा हजारो जोड्या. मशीननं त्यातून नेमकं तेवढंच उचललं. मण्यांच्या क्रमाकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. कुठले मणी किती, यावरून कोण कुठे राहतं ते कळतं. शेजारी असतील तर 'हो', लांबचे असतील तर 'नाही'. परीक्षेच्या जोड्याही त्याच युक्तीनं बनवलेल्या, म्हणून शंभरात शहाण्णव.

हे मी तिला सांगितलं.

"म्हणजे हे नुसता पत्ता बघतं."

"हो."

"चिकटायचा काही संबंध नाही."

"नाही."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं ती खूष होईल. ती म्हणाली, "मग त्या प्लेट बरोबर होत्या," आणि उठून हात धुवायला गेली. तिकडे कितीतरी वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्याकडे आलो. लॅपटॉप घेऊन, तोंडपाठ करून. तुम्ही नुकतेच जेवला होतात. खुर्ची मागं रेलून पिपेटच्या पिवळ्या टिपनं दात कोरत होतात. लॅबच्या टिप, निर्जंतुक केलेल्या, शेवंती मोजून वापरायची त्या. खोलीभर मेथीचा आणि तुमच्या तोंडाचा वास.

मी सगळं सांगितलं. पिसलेल्या माळा, लांबच्या जोड्या, पत्ता. तुम्ही मध्ये एकदाही थांबवलं नाहीत. मला वाटलं हादरलात.

"दार लाव," तुम्ही म्हणालात. मी लावलं. "हे मला माहीत आहे."

मला ऐकून समजलंच नाही. मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो.

"अरे, माहीत आहे म्हणतोय ना. पहिल्या पेपरच्या वेळीच एका परीक्षकानं विचारलं होतं, तुमच्या 'नाही'च्या जोड्या कशा निवडल्या म्हणून. मी कळवलं, प्रत्यक्ष प्रयोगानं पडताळणी चालू आहे. त्याचं समाधान झालं."

"पडताळणी म्हणजे शेवंती."

"म्हणजे शेवंती."

"सर, पण तिचा निकाल 'नाही' येतोय. पहिल्यापासून येतोय. मॉडेल चुकीचं आहे हेच ती सांगतेय."

तुम्ही टिप तोंडातून काढलीत, टोकाला आलेला हिरवा कण उजेडात धरून पाहिलात आणि टिप परत तोंडात घातलीत.

"सुतार, तू हुशार आहेस, पण तुला लॅब चालवायची नाहीये. मला सांग, हे काम मी कौस्तुभला का दिलं नाही?"

कौस्तुभ म्हणजे लॅबचा लाडका. ज्याला हात होता तो. मी म्हटलं, माहीत नाही.

"कौस्तुभच्या प्लेट वर्षभर कोऱ्या आल्या असत्या, तर लोक म्हणाले असते, मॉडेलमध्ये काहीतरी गडबड आहे. हिच्या आल्या. विचारलं का कोणी काही?" तुम्ही हसलात. समजावणीच्या सुरात, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. "कोणी विचारणार नव्हतंच. मी प्रवेशाच्या मुलाखतीतच पाहिलं होतं. आश्रमशाळा, नवापूर, आडनाव. पडताळणी चालू राहते, निकाल मात्र धरावा लागत नाही. यात मी कोणावर अन्याय केला? तिला शिष्यवृत्ती मिळतेय ना?"

तुमच्या मॉडेलनं नुसता पत्ता बघायचं कोणाकडून उचललं, ते मला त्या खोलीत कळलं. मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आणि जेवण बाहेर करत जा. सर्व्हरच्या खोलीत बंदी आहे."

मी सगळं शब्दन् शब्द शेवंतीला सांगितलं. काचसामान धुवायच्या मोरीशी ती उभी होती, कोपरापर्यंत फेसात. ऐकताना तिनं बाटल्या विसळणं थांबवलं नाही. आडनावापाशी आलो तेव्हा फक्त विचारलं, "मुलाखतीतच?" मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं ती आता सामान बांधेल. मी तिला तसं सुचवलंही, की दुसऱ्या संस्थेत बघू, माझ्या ओळखीचे आहेत.

"जाईन," ती म्हणाली. "पण एक विचारून जाईन. समितीपुढे."

समितीच्या अध्यक्ष बाहेरच्या संस्थेतल्या एक मॅडम होत्या, बरोबर दोन सदस्य आणि तुम्ही. लॅबच्या मुलांना मागं बसायची मुभा असते, तसा मी बसलो. तुम्ही सुरुवात केलीत. मुलगी कष्टाळू आहे, वागायला चांगली आहे, पण. त्या 'पण'वर तुम्ही इतका जीव टाकलात, की मॅडमनी सहानुभूतीनं मान हलवली. तेव्हा मी उभा राहिलो. परवानगी मागितली आणि पिसलेल्या माळांचं सगळं सांगितलं. मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांना कळत होतं, सर, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी तुमच्याकडे वळून विचारलं, यावर तुमचं म्हणणं काय.

"मॅडम, सुतार आणि शेवंती रोज एकत्र जेवतात," तुम्ही म्हणालात. "दार लावून. तरुण मुलं आहेत. त्याच्या भावना मी समजू शकतो."

एक सदस्य गालात हसला. दुसऱ्यानं पेनाचं टोपण उघडझाप केलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं ते वेगळ्याच नजरेनं, आणि मॉडेलचा विषय तिथंच मेला. तुमच्यावर टाकायची थुंकी तोंडात आली होती. गिळावी लागली.

शेवंतीनं पिशवीतून प्लेट काढल्या. अलीकडच्या सगळ्या. टेबलावर एकावर एक रचल्या, वरच्या दोनतीन उघडून मॅडमपुढे सरकवल्या. आंबलेला वास सुटला. मॅडमनी पदर नाकाशी नेला. प्रत्येक प्लेटमध्ये तीन कोपरे कोरे आणि चौथ्यात दाट पांढरं.

"मॅडम, मला हात नाही म्हणतात," शेवंती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "मग हा कोपरा कोणाच्या हातानं उगवला?"

पेनवाले सदस्य म्हणाले, "अगं बाळ, ते कंट्रोल आहे, ताळ्याचं. ते उगवतंच."

"उगवतंच नाही सर. हात बिघडला तर पहिल्यांदा तेच मरतं, म्हणून तर ते लावतात. हे चारही कोपरे एकाच दिवशी लावलेत, एकाच यीस्टवर, याच हातानं. हात वाईट असेल तर चौथा कोरा पाहिजे. चौथा बरोबर असेल, तर बाकीचे तीन पण बरोबर आहेत. दोन्हीतलं एक काय ते सांगा. मी ते ऐकून जाते."

मॅडम त्या प्लेटकडे बघत होत्या. मग त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. त्या वेळी तुम्ही एक शब्द बोलला असतात तर ती पोरगी आज डॉक्टर असती. तेवढंच होतं, सर. एक शब्द.

दार उघडलं आणि कॅंटीनचा माणूस ट्रे घेऊन आला. टेबलावर जागा नव्हती. तुम्ही शेवंतीच्या प्लेट एका हातानं बाजूला सारल्यात, झाकणं लावून रास नीट केलीत, आणि कांदाभज्यांची बशी त्या राशीवर ठेवायला त्याला खूण केलीत.

"आधी चहा घेऊ या का?" तुम्ही म्हणालात. "गार होतो."

पहिलं भजं तुम्ही उचललंत. मग सदस्यांनी. मॅडमनी नको म्हटलं, मग एक घेतलं. तेलाचा थेंब बशीच्या काठावरून खाली, सगळ्यात वरच्या प्लेटच्या झाकणावर पडला. शेवंती टेबलाच्या कडेला उभीच होती. तिला कोणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. चहा झाल्यावर तुम्ही रुमालानं बोटं पुसलीत आणि मॅडमनी निर्णय सांगितला. प्रयोगकौशल्याचा अभाव, नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, तिच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.

शेवंतीनं बशी उचलून बाजूला ठेवली, प्लेट पिशवीत भरल्या आणि गेली. महिन्याभरात मीही गेलो. डिग्री राहिली. आता मी कोल्हापूरकडे साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांची सॉफ्टवेअर लिहितो. चोऱ्या तिथंही होतात. पण तिथं ऊस घालणारा माणूस काटा मारला म्हणून तोंडावर शिवी देतो, आणि ज्यानं मारला तो निदान मान खाली घालतो.

मॉडेल तुमचं अजून आहे. मी परवा बघितलं. लोक वापरतात. कुठल्या तरी गावात कुठली तरी शेवंती त्याच्या जोड्या तपासत असेल आणि तिला हात नसेल.

आपली शेवंती नंदुरबारला आहे, सिकलसेलच्या तपासणी केंद्रात. तो आजारही चिकटण्याचाच. रक्तातलं एक प्रोटीन आपल्याच जातभाईला चिकटत जातं आणि तांबड्या पेशीचा विळा होतो. मी एकदा भेटायला गेलो होतो, तेव्हा ती आश्रमशाळेत शिबिराला निघाली होती, मला बरोबर नेलं. पोरांची रांग होती. ती बोट धरायची, सुई टोचायची, थेंब घ्यायची आणि पुढचं पोर. एकही रडलं नाही. मी हे तिला म्हटलं, तर म्हणाली, गप बस, कौतुक नको.

निघताना दर्शनी भिंत दाखवली. मुख्याध्यापकांनी 'डॉ.'वर चुना मारलाय. पण तो ऑइलपेंट, चुना त्यावर धरत नाही. दर पावसाळ्यात धुऊन जातो आणि 'डॉ.' वर येतं. मग दिवाळीला ते बिचारे परत चुना मारतात. शेवंती त्यावरही हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं मला विचारलं, "लॅबच्या सरांनी कधी सांगितलं का रे, कोपऱ्याचं?"

मी म्हटलं, नाही.

"मला वाटलं, मी गेल्यावर तरी कोणाला सांगितलं असेल."

गौरवग्रंथाच्या बाईंनी मला फोनवर शीर्षकही वाचून दाखवलं. 'पारखी'. शिष्याचा हात एका नजरेत ओळखणारा गुरू, असं काहीतरी प्रस्तावनेत आहे म्हणे. असू दे. हे छापा, नका छापू, तुमची मर्जी. खुलासा पाठवू नका, मला तुमची बाजू ऐकायची नाही. ती मी त्या खोलीत ऐकलीय, तुम्ही दात कोरत होतात तेव्हा.

पण तिनं विचारलेला प्रश्न भज्यांच्या बशीखाली तसाच पडलाय. चहा केव्हाच संपला, सर. आता तरी सांगा, तो चौथा कोपरा कोणाच्या हातानं उगवत होता?